पद स्वीकारण्याची योग्य रीत

मंगळवार, दि. ४ फेब्रुवारी २०२५. क्लोनडॉकिन (परदेशात, मुलाच्या घरी).

आजपासून रोजनिशी नियमित व शुद्ध भाषेत लिहिण्याचे ठरविले आहे. हा निश्चय यापूर्वीही केला होता. परंतु तेव्हा शाई चांगली नव्हती.

सकाळी चि. ज्ञानेश न्याहारी करता करता म्हणाला, "बाबा, दिवसभर खिडकीत बसून तुम्ही लोकांचे कचऱ्याचे बिन बघत असता. बाहेर पडा ना जरा." हे विधान चुकीचे आहे. मी कोणाचे बिन बघत नाही. हिरव्या बिनच्या दिवशी काळे बिन बाहेर येत नाही ना, एवढ्यावर केवळ लक्ष ठेवतो. या गल्लीत ते काम दुसरे कोणी करीत नाही.

ज्ञानेशने सांगितले की, येथील विद्यापीठाने आमच्या वस्तीसाठी विस्तार कार्यालय उघडले असून तेथे ज्येष्ठ नागरिकांकरिता भाजीपाला लागवडीचा वर्ग दर मंगळवारी विनामूल्य भरणार आहे. सौ. लता तत्काळ हो म्हणाली. तिला कोणत्याही गोष्टीस तत्काळ हो म्हणण्याची सवय आहे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. ते इतके पक्के झाले की पुढे शिकण्याची आवश्यकता भासली नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत पुण्यात बुधवार पेठेतील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळविले. शेतीविषयक मासिक आमच्याचकडे छापले जाई. त्यातील प्रत्येक लेख, अक्षर न् अक्षर, माझ्या बोटांखालून गेलेला आहे. तेव्हा शेतीविषयी मला या देशात कोणी काही शिकवील हे संभवत नाही. तथापि लताला एकटीने जाणे अवघड वाटेल, म्हणून केवळ सोबत म्हणून जाण्याचे मान्य केले.

मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी.

वर्गास गेलो. ओर्ला नावाच्या बाई शिकवितात. विद्यापीठाच्या म्हणवितात, परंतु बुटांना चिखल होता. विद्यापीठाच्या व्यक्तीस हे शोभत नाही.

प्रत्येकाने आपला परिचय करून द्यावयाचा होता. मी उभा राहिलो व जन्म, शिक्षण, छापखाना, मासिक, त्यातील माझा वाटा असा क्रमवार परिचय मराठीतून दिला. इंग्रजी मला पूर्ण समजते. उच्चार मनासारखे होत नाहीत म्हणून बोलत नाही. लताचे उलट आहे. तिला इंग्रजी येत नाही, ती केवळ बोलते. तिने माझ्या भाषणाचे भाषांतर केले, "ही इज माय हजबंड. प्रिंटिंग." सर्वांनी माना डोलविल्या. इंग्रजी ही किती आटोपशीर भाषा आहे याचे नवल वाटले.

मध्यंतरात डेक्लन नावाच्या निवृत्त बसचालकाने चहा विचारला. मी रीतीप्रमाणे नको म्हटले. तो म्हणाला, "अरे घ्याल हो." मी पुन्हा नको म्हटले. तो म्हणाला, "घ्यालच तुम्ही." मी तिसऱ्यांदा नको म्हणावयाच्या आत कप हातात ठेवला. मन प्रसन्न झाले. पंक्तीत पानावर आडवा हात धरणाऱ्याच्याच पानात जिलबी पडते, हे या लोकांनाही ठाऊक आहे. हे लोक सुसंस्कृत आहेत. वर्ग पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही.

मंगळवार, दि. २५ फेब्रुवारी.

प्रत्येकाला एकेक वाफा मिळाला. इतरांनी कशीतरी माती उकरण्यास सुरुवात केली. मी प्रथम दोरा लावला. ओळी सरळ असाव्यात, दोन ओळींतील अंतर समान असावे, समास सोडावा. माझा वाफा छापील पानासारखा दिसू लागला. ओर्लाबाई येऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि "लव्हली" म्हणाल्या. इतर कोणास तसे म्हणाल्याचे मी ऐकले नाही. (लताला म्हणाल्या, परंतु ते तिच्या स्वेटरविषयी असावे.)

तक्रारी दोन. पहिली: डेक्लन मला "विद" म्हणतो. विद्याधर या नावात तोडण्यासारखे काही नाही. दुसरी: तो लताला "लव्ह" म्हणतो. "मॉर्निंग, लता लव्ह." हे मी घरी गंभीरपणे मांडले. नात अबोली हसून म्हणाली, "आजोबा, युअर मॅन इज ओन्ली बीइंग नाईस. एव्हरीवन सेज इट." ("युअर मॅन" म्हणजे येथे तो गृहस्थ.) मी विचारले, मग मला का म्हणत नाही? यावर ती आणखीच हसली.

मंगळवार, दि. १८ मार्च.

काल येथील संताचा सण झाला. त्या सुमारास बटाटे लावण्याची येथे रीत आहे. तिथी पाहून पेरणी करणारे लोक मला आवडतात.

बटाट्याचे डोळे वर ठेवून लावा असे ओर्लाबाईंनी सांगितले. मी सर्व बटाटे एकाच दिशेला डोळे करून लावले, म्हणजे ओळ एकसारखी दिसेल. ती दिशा वर नव्हती, हे नंतर लक्षात आले. बटाट्याला उगवावयाचे असेल तर तो वळून येईल.

मंगळवार, दि. २५ मार्च.

महत्त्वाची नोंद. ओर्लाबाईंनी आज जाहीर केले की, सप्टेंबरपासून नवे लोक येतील, त्यांच्यासाठी आपल्यातूनच एक मार्गदर्शक निवडावयाचा आहे. त्यास विद्यापीठाचा हिरवा कोट मिळेल, त्यावर नाव असेल आणि प्रवेशद्वारापाशी भिंतीवर छायाचित्र लागेल.

माझ्याकडे पाहूनच त्या बोलत होत्या. (मी पहिल्या रांगेत बसतो.)

घरी परत येताना कालव्याच्या कडेने चालत आलो. चालण्यात फरक पडला आहे असे मला वाटले. लता म्हणाली, "अहो, ताठून काय चालताय? पाठ धरली का?"

रविवार, दि. ३० मार्च. गुढीपाडवा.

गुढी बागेत उभारली. वाऱ्याने तांब्या शेजाऱ्यांकडे गेला. तो त्यांनी सौजन्याने परत आणून दिला.

नववर्षाचे संकल्प: (१) मार्गदर्शकपद स्वीकारणे. (२) रोज एक इंग्रजी शब्द. (३) डेक्लनला पूर्ण नाव उच्चारावयास शिकविणे.

छापखान्यातील जुने सहकारी रा. प्रकाश यांना शुभेच्छांसाठी फोन केला. त्यांनी विचारले, "काय विद्याधरराव, मुलाकडे बसून दिवस कसा जातो? नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं, एवढंच ना?" हा प्रश्न मला लागला. सांगितले की, येथील विद्यापीठाने मला मार्गदर्शक म्हणून नेमले आहे. ते एवढ्या मोठ्याने "काय सांगता!" म्हणाले की फोन कानापासून दूर धरावा लागला. फोन ठेवल्यावर सुमारे घटकाभर वेळ फार चांगला गेला.

हे असत्य नाही. वेळेच्या थोडे पुढे असलेले सत्य आहे.

मंगळवार, दि. १५ एप्रिल.

गाजरे उगवली नाहीत. बी दोन बोटे खोल पेरावे असे मासिकात छापले होते, त्याप्रमाणे पेरले. ओर्लाबाई म्हणाल्या, फार खोल गेले असावे. मी लताकरवी कळविले की, मजकूर बरोबर होता. मीच जुळविला होता आणि मुद्रितशोधनही मीच केले होते. लताने काय सांगितले ठाऊक नाही, परंतु त्या दोघी बऱ्याच हसल्या.

लताच्या वाफ्यात मुळा, पालक आणि एक अनोळखी झाड आले आहे. ओळ नाही, समास नाही. तिच्या वाफ्याभोवती मंडळी उभी असतात; पोलंडची एक बाई तर आपला वाफा सोडून तिथेच असते. गप्पा चालतात. लता मध्येच "ग्रँड, ग्रँड" म्हणते. (येथे "ठीक आहे" यासही ग्रँड म्हणतात.) वेळेचा अपव्यय.

इंग्रजी शब्दांचा संकल्प स्थगित. आजपर्यंत चार शब्द झाले. त्यातील दोन मला आधीच येत होते.

मंगळवार, दि. ६ मे.

मार्गदर्शकास बोलता आले पाहिजे, म्हणून आज कांद्याच्या साठवणुकीवर स्वयंस्फूर्तीने भाषण केले. कांदाचाळीची रचना, हवा खेळती ठेवणे, पात कापण्याची पद्धत, सडका कांदा वेळीच वेगळा काढणे, सर्व सांगितले. लताने भाषांतर केले, "ही सेज, कीप ड्राय." डेक्लनने टाळ्या वाजविल्या.

परिणाम चांगला झाला. भाषण संपताच सर्वजण आपल्या कामाला लगबगीने गेले.

मंगळवार, दि. २० मे.

आज घडले. शांतपणे लिहितो.

वर्ग सुटताना सूनबाई चि. रेवती आम्हाला न्यावयास आली होती. ओर्लाबाई आमच्याकडे आल्या आणि रेवतीला म्हणाल्या की, विद्याधर दर आठवड्याला वेळेवर येतात, मनापासून करतात, तर ते सप्टेंबरपासून मार्गदर्शक होण्याचा विचार करतील का? रेवतीने मराठीत तसेच्या तसे सांगितले.

माझ्या कानांत घंटा वाजू लागल्या. परंतु मी घाई केली नाही. पदावर झेप घालणारा माणूस हलका ठरतो. मी हात जोडून म्हणालो, "त्यांना सांग, मी फार लहान माणूस आहे. माझी तेवढी योग्यता नाही. दुसरा कोणी योग्य माणूस पाहावा."

रेवती म्हणाली, "बाबा, नक्की? असंच सांगू?"

मी म्हणालो, "अगदी असेच सांग."

ती म्हणाली, "पण तुम्हाला करायचं आहे ना? प्रकाशकाकांना तर..."

मी डोळ्यांनीच तिला थांबविले. तिने सांगितले. ओर्लाबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अह्, दॅट्स ग्रँड, विद. नो प्रेशर अ‍ॅट ऑल." आणि किटली लावावयास गेल्या.

पहिला नकार उत्तम वठला. आता दुसऱ्यांदा विचारतील.

बुधवार, दि. २१ मे.

फोन आला नाही. दुसऱ्या वेळी त्या एकट्या येणार नाहीत, कार्यालयातील वरिष्ठांना घेऊन येतील, म्हणून वेळ लागत असावा. लताला पोहे जास्त करून ठेवण्यास सांगितले. कारण सांगितले नाही.

मंगळवार, दि. २७ मे.

ओर्लाबाईंना विचारणे सोपे जावे म्हणून आज दिवसभर त्यांच्या निकट उभा राहिलो. त्यांना मी नळासाठी थांबलो आहे असे वाटले. त्यांनी दोनदा नळ मोकळा करून दिला. हात दोनदा धुतले.

सोमवार, दि. २ जून.

आज येथे सर्वांना सुटी होती. ज्ञानेश जेवताना म्हणाला, "बाबा, रेवतीने मला सांगितलं. अहो, इथे नो म्हणजे नो असतं. तुम्हीच फोन करून सांगा, मला करायचंय म्हणून. मी लावून देऊ का?"

मी विचारले, मग चहाला तीन-तीनदा का विचारतात? डेक्लनने आजवर एकदाही पहिला नकार ऐकलेला नाही. ज्ञानेश म्हणाला, "चहाची गोष्ट वेगळी आहे हो बाबा. ते ऑफिसचं काम आहे."

ऑफिसचे काम! जेथे चहाच्या कपासाठी माणसाचा इतका मान राखतात, तेथे पदासाठी अधिकच राखतील. साधा तर्क आहे. मुलाचे शिक्षण फार झाल्याने त्याला तो दिसत नाही. फोन लावू दिला नाही. स्वतःहून मागितलेले पद घेऊन मी काय करू?

दुसऱ्या नकाराचे भाषण तयार केले. ते पहिल्यापेक्षा मवाळ आहे. तिसऱ्या वेळी केवळ मान लववावी.

मंगळवार, दि. १० जून.

हंगामातील शेवटचा वर्ग. बटाटे काढून पाहिले. ते वळून आले नव्हते.

चहाच्या वेळी ओर्लाबाई उठल्या. मी कप खाली ठेवला, सदऱ्याचे वरचे बटण लावले. त्या माझ्या दिशेने आल्या, माझ्या पुढून गेल्या, आणि लताजवळ बसल्या. लता, तू करशील का, सगळे तुझ्याचकडे येतात, असे काहीसे म्हणाल्या. एवढे इंग्रजी मला दुर्दैवाने समजले.

मी लताकडे पाहिले. मला खात्री होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने मला विचारल्याशिवाय साडीसुद्धा बदलून आणलेली नाही. निदान एकदा तरी ती नको म्हणेल, माझ्याकडे बोट दाखवील, आणि तो दुसरा आग्रह आपोआप माझ्याकडे येईल.

ती म्हणाली, "शुअर. व्हाय नॉट?"

डेक्लनने तिला मिठी मारली. मी बटण पुन्हा उघडले. गरम होत होते.

घरी येताना तिला म्हणालो की, एकदा तरी नको म्हणावयाचे असते, ती रीत आहे. ती म्हणाली, "अहो, मला करायचं होतं. करायचं असताना नको कशाला म्हणू?" थोडे चालल्यावर पुन्हा म्हणाली, "तुम्हालाही हवं होतं ना? मग म्हणायचं की. त्या बाईला काय स्वप्न पडणार होतं?"

मी तिला स्पष्ट सांगितले की, मला पद हवे होते असे मी कोठेही म्हटलेले नाही. रात्री मागील पाने चाळली. तसे लिहिलेले आहे. परंतु तो मजकूर खाजगी असल्याने ग्राह्य नाही.



शनिवार, दि. १४ जून.

रा. प्रकाश यांनी चित्रफोन केला. छापखान्याची जुनी मंडळी त्यांच्याकडे जमली होती. सर्वांना मला हिरव्या कोटात पाहावयाचे होते. कोट धुवावयास दिला आहे असे सांगण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात मागे लता तो घालून आरशासमोर उभी असलेली त्यांना दिसली.

प्रकाशराव ओरडले, "वहिनी! साहेबांचा कोट घातलात की काय?"

लता म्हणाली, "नाही हो भावजी, माझाच आहे. हे बघा, नाव."

कोटावरील नाव इंग्रजीत होते, तरी ते सर्वांनी मोठ्याने वाचले. "मग विद्याधरराव काय करतात तिथे?" असे मागून कोणीतरी विचारले. लताने माझ्याकडे पाहिले. ती खोटे बोलू शकली असती. मी तिला तशी नजरेने विनंतीही केली असावी.

ती म्हणाली, "ते असतात ना सोबत. त्यांच्याशिवाय मी गेले असते का पहिल्या दिवशी?"

मंडळींनी टाळ्या वाजविल्या. कोणासाठी ते कळले नाही. पुण्यातील आवाज तुटक येत होता.

मंगळवार, दि. २ सप्टेंबर.

नवा हंगाम सुरू. मी न जाण्याचे ठरविले आहे. कारणे: (१) प्रकृती. (२) शिकण्यासारखे काही उरलेले नाही. (३) भिंतीवरील छायाचित्र. त्यात लताचे डोळे मिटलेले आहेत असे ऐकतो, तरी ते लावले आहे.

ती निघताना म्हणाली, "येताय?" मी म्हणालो, "नको." ती म्हणाली, "बरं. भात झाकून ठेवलाय." आणि गेली. तीही आता या देशाची झाली.

मंगळवार, दि. ९ सप्टेंबर.

घरी. समोरच्यांनी बरोबर बिन बाहेर ठेवले. शेजाऱ्यांनीही. मला काही करावे लागले नाही.

पापड भाजताना छतावरील धुराची घंटा वाजू लागली. ती कशी बंद करावयाची हे लताला ठाऊक आहे. पंचा हलवीत राहिलो. शेवटी ती आपणहून थांबली, किंवा कंटाळली.

मंगळवार, दि. १६ सप्टेंबर.

वर्गाच्या तपासणीसाठी म्हणून गेलो. बाहेर जाताना लताने माझी टोपी कपाटातून काढून माझ्या हातात दिली.

छायाचित्र पाहिले. डोळे उघडे आहेत. हसते आहे. एवढी हसते हे मी अलीकडे पाहिले नव्हते.

आठ-दहा नवी मंडळी होती. लता हिरव्या कोटात मध्ये उभी राहून बोलत होती. क्रियापदे चुकत होती. कोणी दुरुस्त करीत नव्हते. माझ्या शेजारी ब्राझीलचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी मला, तुम्हीही नवीन का, असे विचारले. उत्तराची जुळवाजुळव चालू होती, तोवर लता पलीकडून म्हणाली, "यस, यस. ही इज ऑल्सो न्यू. यू टू सिट टुगेदर."

मी आक्षेप घेतला नाही. वर्गात शिस्त असावी.

आजचे काम: सॅलडच्या रोपांसाठी कुंड्यांत माती भरणे. मी माती चांगली दाबून, काठोकाठ, कडा सारख्या करून भरली. ब्राझीलच्या गृहस्थांनी जेमतेम भरली, अर्धी सांडली. लता प्रत्येकापाशी थांबून कुंडी पाहत होती. त्यांची पाहिली व म्हणाली, "व्हेरी गुड." मग माझी हातात घेतली. अंगठ्याने माती दाबून पाहिली. अंगठा आत गेला नाही. माझ्याकडे पाहिले, कुंडी हलकेच खाली ठेवली आणि पुढच्या माणसाकडे गेली.

परतताना ती डेक्लनविषयी, पावसाविषयी, रेवतीच्या वाढदिवसाविषयी बोलली. कुंडीविषयी शेवटपर्यंत काहीही बोलली नाही.

पुढील मंगळवारी माती थोडी सैल भरावी. हे मला कोणी सांगितलेले नाही. माझे मीच ठरविले आहे.